चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

५ जानेवारी, रविवार

आश्लेषा आजही आली नाही. तिच्या मेसाहून आमचं चँडलर म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण रविवार उजाडला की आमची लेक गाडी उलट दिशेला वळवते आणि डोंगर चढून पेसनला जाते. तिथे तिचे सासरे डेल राहतात. निवृत्त डेंटिस्ट, बायको तीन वर्षांपूर्वी गेली, घरात एकटेच. जावई ट्रॅव्हिस अग्निशमन दलात, त्यामुळे रविवारी त्याची हमखास ड्यूटी. मग सासरे आणि सून दिवसभर रेंजवर रायफलनं लांबच्या कागदी निशाण्यांवर नेम धरतात आणि संध्याकाळी डेलच्या गॅरेजमध्ये बसतात. दिवाळीपासून हे असंच चाललंय. दिवाळीला बरं नाही म्हणून ती आमच्याकडे फराळालाही आली नव्हती, पण त्याच्या पुढच्याच रविवारी पेसनला मात्र गेली.

ख्रिसमसला डेलनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. आम्ही शाकाहारी म्हणून बिचाऱ्यानं बटाट्याचेच तीन प्रकार केले होते. हात धुवायला जाताना गॅरेजचं दार उघडं दिसलं म्हणून मी डोकावलो. फळीवर प्लास्टिकच्या डब्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीवर निळ्या शाईनं 'ॲश' लिहिलेलं. आमच्या आश्लेषाचं यांनी ॲश केलंय. एक डबी उघडली तर आत काडतुसं, घरी भरलेली. म्हणजे हा गृहस्थ आमच्या मुलीसाठी स्वतःच्या हातानं काडतुसं भरतो. आणि आम्ही तिला काय देतो, तर डब्यातून आमटी.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मी आयुष्यभर चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर होतो, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण सापडला म्हणून अख्खी लाइन बंद पाडणारा. दातांच्या डॉक्टरला जे जमतं ते मला त्याच्याहून चांगलं जमायला हवं. मार्चमध्ये आश्लेषाची राज्य स्पर्धा आहे. त्या दिवशी तिच्या रायफलमध्ये बाबांनी भरलेली काडतुसं असतील.

यात मत्सर अजिबात नाही, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. ऑक्टोबरमध्ये रिटायर झालो, माणसाला काहीतरी उद्योग लागतो.

७ जानेवारी, मंगळवार

आश्लेषाला फोन केला. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचं तू काय करतेस, असं सहज विचारलं. सहज म्हणजे आधी बाथरूमच्या आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"ब्रास? बाबा, तुला कशाला हवंय ब्रास?"

"जरा बघायचंय. पितळेचा पृष्ठभाग कसा वागतो ते."

 ती म्हणाली, "दॅट्स सो नाइस, बाबा. मी घेऊन येते ना उद्या. बसू आपण थोडा वेळ. मला पण तुझ्याशी बोलायचंय."

मी म्हटलं, "अगं, एवढ्यासाठी कशाला येतेस ड्यूटी करून? मीच येताजाता घेऊन जाईन." हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर उभं राहून दमते ती. तेवढा तिचा त्रास वाचवला.

१२ जानेवारी, रविवार

शुभाची गाडी गॅरेजमधून ड्राइव्हवेवर काढली. कारखान्यातल्या क्लीनरूमसारखी फरशी दोनदा पुसली, दाराशी पायाची धूळ धरून ठेवणारी चिकट चटई टाकली, निळे हातमोजे आणि डोक्याला घालायच्या टोप्यांचं खोकं मागवलं. काडतुसं भरायचा प्रेस टेबलाला पक्का बसवला.

प्रकरण तसं सोपं आहे. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी अंग. गोळी उडून जाते, पुंगळी मागे राहते आणि पुन्हा पुन्हा वापरता येते. जुना प्रायमर, म्हणजे बुडाशी बसवलेली ठिणगीची टिकली, काढायचा, पुंगळी साफ करायची, डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, वाढलेली लांबी कापायची, तोंडाच्या कडा आतून-बाहेरून तासायच्या. मग नवा प्रायमर, बारूद आणि शेवटी पुंगळीच्या मानेत गोळी दाबून बसवायची. ही शेवटची पायरी खरी परीक्षेची. पातेल्यावर झाकण बसावं तशी गोळी अलगद बसायला हवी आणि प्रत्येक पुंगळीनं आपली गोळी सारख्याच जोरानं धरायला हवी. एकीनं घट्ट धरली आणि दुसरीनं सैल, तर नेम गेलाच.

शुभा चहा घेऊन आली. मी तिला चटईवर थांबवलं. तिथूनच तिनं सगळीकडे नजर फिरवली.

"अहो, पण रायफल आहे का आपल्याकडे?"

"नाही."

"म्हणजे स्थळ यायच्या आधीच हॉल बुक केलात."

चहा तिनं चटईच्या पलीकडे ठेवला आणि गेली. मी तो हातमोजे काढून प्यायलो, तोवर गार झाला होता.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आज मी एक शोध लावला आणि एक गाढवपणा केला, दोन्ही चिंचेच्या बाबतीत.

पुंगळ्या साबणपाण्यात स्टीलच्या बारीक सळ्यांबरोबर टंबलर नावाच्या फिरत्या पिंपात घोळवून काढल्या. चकाकल्या, पण माझं समाधान होईना. मग आठवलं, आई देवाची पितळी भांडी कशानं घासायची? चिंचेनं! काडतुसं भरण्यावर पुस्तकं लिहिणाऱ्या या अमेरिकनांना हे कुठून माहीत असणार? शुभाच्या डब्यातली सगळी चिंच कोळून घेतली, वर चार लिंबं पिळली आणि त्यात पुंगळ्या बुडवून आम्ही हळदीकुंकवाला गेलो. म्हणजे शुभा हळदीकुंकवाला आणि मी तिचा ड्रायव्हर. परत येऊन पाहतो तर पुंगळ्या गुलाबी! आंबटानं पितळेतलं जस्त खाऊन टाकलं होतं, उरलं होतं ते नुसतं तांबं. असलं पितळ दाबाला टिकत नाही. सगळी बॅच चेपून भंगारात टाकली.

दुसरी बॅच मात्र समोर उभं राहून केली. थोडा वेळ बुडवायची, चोळायची, भरपूर पाण्यानं धुवायची. काय लखलखाट! कापसाची काडी मानेत फिरवून पाहिली, पांढरीच्या पांढरी बाहेर आली. आत काजळीचा कण नाही. या पुंगळ्या देवघरात ठेवल्या असत्या तर पाहुण्यांनी नमस्कार केला असता.

"आता आमटीत काय घालू?" शुभानं विचारलं. "पुंगळ्या?"

२२ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी आश्लेषा अचानक आली. हॉस्पिटलच्या कपड्यांतच. मला आनंद झाला, पण कपडे बघून मी दोन पावलं मागे सरकलो, कारण हॉस्पिटलमधून काय काय चिकटून येतं ते मला माहीत आहे. तिला टोपी दिली, हातमोजे दिले, चटईवर पाय पुसायला लावले. टोपीत ती लहानपणी पोहायला जायची तशी दिसत होती. जरा वाळल्यासारखी वाटली. या मुली डाएट करतात.

तिनं एक पुंगळी उचलून दिव्याकडे धरली.

"बाबा, आतली काजळी पूर्ण गेलीय रे."

"गेलीय ना!" मी म्हटलं. माझी छाती फुगली होती.

"म्हणजे, डेल म्हणतो की थोडी राहू द्यायची असते."

दातांचा डॉक्टर म्हणतो थोडी घाण राहू द्या! याच्या पेशंटांचं काय झालं असेल कुणास ठाऊक. तसं बोललो नाही. नुसता हसलो, आणि ते हसू मला वाटतं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

ती पुंगळी हातात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं."

"थांब, आधी तो हातमोजा बदल. त्याच हातानं केसांना हात लावलास."

तिनं केसांवरचा हात खाली घेतला. हातमोजे काढले, टोपी काढली, दोन्ही नीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि आत आईकडे गेली. स्वयंपाकघराचं दार बराच वेळ बंद होतं. काही कृतीबिती विचारत असावी. ती गेल्यावर मी आत गेलो तर शुभाचे डोळे लाल. कांदा चिरत होते म्हणाली. जेवणात कांदा कुठे दिसला नाही, पण असो.

३० जानेवारी, गुरुवार

आज पहिल्यांदा गोळ्या बसवून पाहिल्या. सरावाच्या, म्हणजे प्रायमर नाही आणि बारूदही नाही, नुसती पुंगळी आणि गोळी. दाबायच्या प्रेसला जोर मोजणारं मीटर लावलंय. ते नसतं तर बरं झालं असतं.

पहिल्या गोळीनं आवाज केला: करर्र. गंजलेली कडी सरकवावी तसा. वर तांब्याची बारीक साल निघून पुंगळीच्या तोंडाशी जमली. माझी चूक होती, आतली धार पुरेशी तासली नव्हती, तीच गोळीला सोलत होती. कोन बदलून हलक्या हातानं पुन्हा तासली. साल निघायची थांबली, पण करर्र काही थांबेना. एक गोळी अडून अडून जाते, दुसरी निम्म्यात थांबते आणि एकदम खाली घसरते. मीटरच्या आकड्यांचा आलेख काढला. असा आलेख कामावर कुणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी त्याला आठवडाभर रिपोर्ट लिहायला बसवलं असतं.

उपाय उघड आहे. अजून स्वच्छ करायला हवं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पुंगळ्या तिसऱ्यांदा धुतल्या, मानेत बारीक कापडानं पॉलिश केलं. करर्र उलट वाढलंय.

आश्लेषा पुन्हा आली. आता हे तिच्यासाठीचं सरप्राइज आहे आणि ते अर्धवट, करकरणाऱ्या अवस्थेत तिला दिसू नये म्हणून मी गॅरेजला आतून कडी घातली होती. तिनं दारावर टकटक केली.

"बाबा, येऊ का?"

"आत प्रयोग चालू आहे!"

"मी नुसती बसेन. काही हात लावणार नाही."

"झालं की बोलावतो!"

झालं नाही, त्यामुळे बोलावता आलं नाही. ती आईशी गप्पा मारून, आमटी घेऊन गेली. नंतर शुभा गॅरेजच्या दारात आली, चटईवरून सरळ आत आली, चपला घालून.

"ती बुधवारची उठून कुणासाठी येते असं तुम्हाला वाटतं?"

"तुझ्या आमटीसाठी. मी कुठे नाही म्हणतोय."

"चिंचेशिवायच्या आमटीसाठी?" शुभा म्हणाली. मग "तुम्ही ना..." म्हणाली आणि वाक्य अर्धवट टाकून निघून गेली. चपलांचे ठसे पुसायला मला बराच वेळ लागला.

तिलाही हा छंद खुपतोय, दुसरं काय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

कुठल्याही प्रयोगात काही नमुने मुद्दाम तसेच ठेवायचे असतात, काहीही प्रक्रिया न केलेले, म्हणजे प्रक्रियेचा फायदा आकड्यांत दाखवता येतो. त्या शिस्तीनं मी पाच पुंगळ्या बाजूला ठेवल्या होत्या. त्यांना टंबलर नाही, चिंच नाही, काही नाही. मापावर आणल्या, धार तासली, बाहेरून फडक्यानं पुसल्या आणि मानेत नायलॉनचा ब्रश दोनदा फिरवला, बस. आत काजळी तशीच. घाण किती नडते हे सिद्ध करण्यासाठी आज त्यांच्यात गोळ्या बसवल्या.

पहिली गोळी इतकी अलगद गेली की मला वाटलं पुंगळीच सैल आहे. मोजली, सैल नव्हती. दुसरी तशीच. पाचही तशाच. आवाज नाही, अडणं नाही, आलेख सरळ, पाचांचा एकावर एक. मीटर बिघडलं असेल म्हणून लखलखीत पुंगळी लावून पाहिली. करर्र!

मग खुर्ची नव्हती म्हणून गॅरेजच्या पायरीवर बसलो आणि विचार केला. दोन अगदी स्वच्छ धातू एकमेकांवर घासले की एकमेकांना पकडतात. हे मला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. नोकरीत मी ते नव्या पोरांना शिकवलं, फळ्यावर आकृती काढून. मधे काहीतरी लागतं, एखादा बारीकसा थर. काजळी म्हणजे तो थर. बारुदानं तो फुकट घालून दिला होता आणि मी तो शुभाची चिंच संपवून काढून टाकला. धुवून झालेल्या पुंगळ्यांनाही उपाय आहे म्हणा, मानेत कोरडी ग्रॅफाइटची पूड चोळायची. म्हणजे आधी काळं काढायचं आणि मग विकतचं काळं आणून लावायचं.

डेल बरोबर होता. हे फक्त इथे लिहितोय. तोंडानं कुणाजवळही कबूल करणार नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आश्लेषाला पुंगळ्यांची दुसरी पिशवी मागितली होती. ती आज दाराशी ठेवून गेली. गाडीचा आवाज आला म्हणून मी बाहेर येईपर्यंत गाडी वळलीसुद्धा होती. चटई, टोपी, हातमोजे या कशाचा प्रश्नच आला नाही. कामात व्यत्यय आणायचा नाही हे तिला समजलंय असं मी शुभाला म्हटलं.

शुभा म्हणाली, "हो. समजलंय तिला."

 संध्याकाळभर मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. पण काम खूप होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पन्नास काडतुसं तयार! पुस्तकातली सगळ्यात सौम्य मात्रा घेतली, प्रत्येक वेळी दोन काट्यांवर तोलली. काजळी आत ठेवली, बाहेरून मात्र चकचकीत केली, तेवढं मला माफ असावं. गोळ्या बसवताना आवाज म्हणून नाही. पन्नास आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसते. मी ते छापून भिंतीला लावले.

डबीवर देवनागरीत 'आश्लेषा' असं छापून चिकटवलं. पूर्ण नाव. ॲश नाही.

१ मार्च, शनिवार

आश्लेषाला मुद्दाम जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर डबी तिच्यापुढे ठेवली. शुभा ताटं उचलता उचलता थांबली.

तिनं डबी उघडली. एक काडतूस काढून टेबलावर घरंगळवलं, नजर टेबलालगत नेऊन पाहिलं. मी भिंतीवरचे आलेख आणून दाखवले. ते तिनं खरंच नीट पाहिले. "वाव, बाबा. धिस इज ब्यूटिफुल वर्क." मग डबी बंद केली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"पण मी हे शूट नाही करू शकत."

"का? मात्रा कमी आहे, मी दोनदा..."

"दुसऱ्यानं भरलेलं काडतूस कधी उडवायचं नाही. एव्हर. कितीही जवळचा माणूस असला तरी. रायफल माझ्या गालाला लागून असते ना बाबा. पहिल्या दिवशी हाच रूल शिकवतात."

मी म्हटलं, "मग डेलची कशी उडवतेस?" आणि माझा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"डेलची?"

"त्याच्या फळीवर तुझ्या नावाच्या डब्या आहेत. मी पाहिल्यात."

तिला समजायला एक क्षण लागला. "बाबा, त्या मी भरते. माझ्या हातानं. म्हणून माझं नाव आहे. डेल एकालाही हात लावत नाही."

"मग तो काय करतो?"

"बसतो," ती म्हणाली. "खुर्ची टाकून बसतो. कॉफी पितो. मी काम करते, बोलावंसं वाटलं तर बोलते. तो ऐकतो."

म्हणजे दोन महिने मी ज्याच्याशी स्पर्धा करत होतो तो माणूस नुसता बसला होता. मला हसू यायला हवं होतं. पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जे करतो तेच केलं. डबी उचलली, "ठीक आहे, भंगारात टाकतो" म्हटलं आणि गॅरेजमध्ये जाऊन पुसून झालेली फरशी पुन्हा पुसली. ती कधी गेली ते कळलं नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी डेलचा फोन. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आश्लेषा त्यांच्याकडे पोचली असणार आणि सगळं सांगितलं असणार. मी चांगलाच ताठ झालो होतो.

"उल्हास," डेल म्हणाले, "गॅरेजमध्ये खुर्ची आहे का तुझ्या?"

"नाही. क्लीनरूममध्ये आम्ही खुर्ची..."

"एक आण," एवढंच म्हणाले. मग हवा कशी आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

मी शुभाला म्हटलं, विचित्र माणूस आहे. शुभा म्हणाली, "अहो, ती तुम्हाला काहीतरी सांगायला येते आहे. जानेवारीपासून येते आहे. मी सांगू शकत नाही, मला शपथ घातलीय. आता तरी आणा ती खुर्ची."

आतली जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून गॅरेजमध्ये ठेवली. चिकट चटई गुंडाळली. मग आश्लेषाला मेसेज केला: डबी टाकलेली नाही. बुधवारी ये. टोपी लागणार नाही.

तिनं उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. तो मी बराच वेळ पाहत बसलो होतो.

५ मार्च, बुधवार

ती आली. बरोबर हातोडीसारखं एक हत्यार आणलं होतं. त्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं, की गोळी आणि बारूद सुटून बाहेर येतं. माझी पन्नास काडतुसं तिनं एकेक करून मोडली. ठक ठक. ठक ठक. मी खुर्चीवर बसलो होतो. कॉफी मला आवडत नाही म्हणून हातात चहा.

मोडून झाल्यावर त्याच पुंगळ्या घेऊन तिनं पुन्हा भरायला सुरुवात केली, सगळं स्वतः तोलून, स्वतः तपासून. मला सुचवण्यासारखं बरंच काही दिसत होतं. ब्रश ती उलटा धरते. तराजूजवळ पंखा चालू होता. मी चहा पीत राहिलो. संपल्यावर रिकामा कप पीत राहिलो.

सात-आठ गोळ्या बसवून झाल्यावर ती म्हणाली, मान वर न करता, "बाबा, दिवाळीला मी आजारी नव्हते."

मी रिकामा कप खाली ठेवला.

"आय वॉज प्रेग्नंट. सोळा आठवडे झाले होते. दिवाळीच्या दिवशीच तुम्हाला सांगणार होतो, सरप्राइज म्हणून. त्याच्या आधीच गेलं." तिनं लिव्हर खाली घेतला, गोळी आवाज न करता बसली. "ट्रॅव्हिस ड्यूटीवर होता. डेल नेमका त्या आठवड्यात आमच्याकडे होता, त्यानंच मला हॉस्पिटलमध्ये नेलं. म्हणून त्याला माहीत होतं. आईला जानेवारीत सांगितलं. तुला मला स्वतः सांगायचं होतं, पण..."

पण मी तिला हातमोजा बदलायला लावला होता. दाराला कडी घातली होती. ते तिनं म्हटलं नाही. मला तिच्याकडे बघवेना. माझ्या मनात येत होतं ते सगळं उपाययोजना या सदरातलं होतं: कुठला डॉक्टर दाखवलात, कुठल्या टेस्ट केल्या, आता पुढे काय. तीस वर्षांची सवय. सगळं ओठांपर्यंत आलं आणि मी ते सगळं गिळलं. ती काम करत होती आणि मी नुसता बसलो होतो, आणि इतकं अवघड काम मी कधी केलेलं नाही.

मग एकच विचारलं. "नाव ठरवलं होतंत का?"

तिचा हात लिव्हरवर थांबला.

"अनया," ती म्हणाली. "मुलगी होती." आणि मग तिला रडू फुटलं. काजळीनं काळ्या झालेल्या बोटांनीच तिनं डोळे पुसले, गालभर काळं झालं. "हे कुणीच विचारलं नाही, बाबा. डेलनं पण नाही."

गेले दोन महिने मी हेच ऐकायला झटत होतो, की डेलला न सुचलेलं काहीतरी मला सुचलं. ऐकलं, आणि त्याचं काहीही वाटलं नाही. मला अनया हवी होती.